मिशीवाला चाचा

आमच्या बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही. लोणारचं सरोवर आहे, पण त्यात जहाज चालत नाही. तरीही या जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या एका माणसाला समुद्री चाच्यांनी धरलं, आणि तो माणूस मी. हे वाक्य मी मधली काही वर्षं इतक्या व्यासपीठांवरून बोललो, की आता लिहितानाही हात माइक शोधायला लागतो.

मी जहाजावर स्वयंपाकी होतो. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. आधी मेहकरच्या एका हॉटेलात पोळ्या लाटल्या, मग मुंबईला जाऊन खलाशांचा कोर्स केला आणि मालवाहू जहाजावर लागलो. गावात आलो की मी फक्त "जहाजावर असतो" एवढंच सांगायचो आणि समोरच्याला मला कप्तान समजायला पुरेसा वेळ द्यायचो. कुणी स्पष्टच विचारलं तर खरं सांगायचो. पण आमच्याकडे माणसं भिडस्त असतात, स्पष्ट विचारत नाहीत, आणि त्याचा मी भरपूर फायदा घेतला.

त्या दिवशी दुपारी जहाजावर भोंगा झाला. भोंगा झाला की हातातलं टाकायचं, खाली इंजिनामागच्या पोलादी खोलीत जायचं आणि आतून दार लावून घ्यायचं, असं आम्हाला शिकवलेलं होतं. म्हणजे चाचे जहाजावर चढले तरी माणसं त्यांच्या हाती लागत नाहीत आणि आरमाराची बोट येईपर्यंत वेळ काढता येतो. या सरावात मी नेहमी पहिला असायचो. खऱ्या दिवशी मी अर्धा जिना उतरलो आणि आठवलं की वरण शेगडीवर आहे. लागेल. एकवीस माणसांचं वरण होतं. मी परत फिरलो.

वरण उतरवलं, झाकलं, हात पुसले आणि खाली गेलो, तर दार बंद. मी ठोठावलं. आतल्यांना वाटलं चाचेच आले. मी ओरडून माझं नाव सांगितलं. तेव्हा आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आत बाकीच्यांना म्हणाला म्हणे, "बघा, यांनी भंडाऱ्याचं नावपण काढून घेतलं." दार काही उघडलं नाही. मी उलट पावली वर आलो आणि कोठारात कांद्याच्या पोत्यांमागे जाऊन बसलो. पळणाऱ्याला एक वाट आणि शोधणाऱ्याला बारा वाटा म्हणतात. माझ्या बाबतीत शोधणाऱ्याला एकच पुरली, कारण मी बसल्या बसल्या शिंकलो.

पोतं बाजूला झालं आणि समोर बंदूक दिसली. बंदुकीमागे एक पोरगं होतं. कुणाचा तरी मोठा शर्ट घातलेला, बाह्या दोनदा दुमडलेल्या, पायात एकच चप्पल. ओठांवर मिशी सोडा, लवसुद्धा नव्हती. ते काहीतरी बोललं, तर आवाज एका शब्दाला घोगरा आणि पुढच्या शब्दाला किनरा निघाला. सातवी-आठवीत आमचे आवाज असेच फाटायचे आणि वर्ग हसायचा. त्या क्षणी मला हसू आलं नाही. मी गुडघ्यांवर बसलो, हात जोडले आणि चांगल्या अस्सल वऱ्हाडीत म्हणालो, "भाऊ, मले मारू नको, मी तं नुसता सैपाकी आहो."

आणि माझी पँट ओली झाली.

पोरानं ते पाहिलं. ते हसलं नाही. त्यानं मान दुसरीकडे वळवली, जरा वेळ तसंच उभं राहिलं, आणि मग हाताची पाचही बोटं तोंडाशी नेऊन मला दाखवली. भूक लागली होती. मी त्याला वरणभात वाढला. त्यानं तीन ताटं खाल्ली, आणि चौथ्या वेळी साखरेचा डबा दिसला तशी भातावर साखर घेतली. त्याच्याबरोबरचे बाकीचे आठ जण वर कप्तानाच्या खोलीत होते. ते सगळे थोराड बाप्ये होते, त्यांच्यापैकी कुणी खाली फारसं फिरकलं नाही. दोन दिवस माझ्यावर पहारा या पोराचाच होता.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी एकाही सत्कारात सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पोरगं जेवलं, उठलं आणि वर निघून गेलं, आणि बंदूक तांदळाच्या पोत्यावर विसरलं. मी आणि बंदूक, दोघंच. सिनेमात अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी जिन्याच्या खालून हाक मारली, "ओ भाऊ, तुमचं राह्यलं." आमच्या घरी पाहुण्याची पिशवी राहिली की आम्ही एसटीपर्यंत धावत जातो, ती सवय. पोरगं धावत आलं, बंदूक घेतली आणि घाबरून आधी वर पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना. कारण सकाळीच एका मोठ्यानं कशावरून तरी त्याच्या कानाखाली ठेवून दिली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आरमाराची बोट आली. चाच्यांनी बंदुका पाण्यात फेकल्या आणि डोक्यावर हात ठेवून ओळीनं बसले. एकही गोळी उडाली नाही.

मुंबईला उतरल्यावर पोलिसांनी एकेकाचा जबाब घेतला. माझ्या जबाबाला महत्त्व होतं, कारण बाकीचे वीस जण पोलादी खोलीत होते आणि चाच्याची बंदूक जवळून पाहिलेला मी एकटाच होतो. मागे बाकावर ते वीसही जण बसले होते, कान देऊन. जबाब घेणारे साहेब कोकणाकडचे असावेत. त्यांनी विचारलं, "तुमच्यावर बंदूक धरली तो कसा होता?"

मी मागे पाहिलं. सारंग माझ्याकडे टक लावून बघत होता. दोन दिवस अंगावरच वाळलेली माझी पँट त्यानंच पाहिली होती, डागासकट, सुटका झाल्यावर. अशी पँट एखाद्या पोरामुळे ओली झाली असं कोण सांगेल?

"बाप्या होता साहेब," मी म्हणालो. "चांगला मिशीवाला. तिशीचा असेल."

साहेबांनी लिहून घेतलं. त्या पोराला मी नंतर हातकडीत दुरून पाहिलं. ते माझ्याकडे बघत होतं. मी चहा घेत होतो.

इकडे गावात माझ्या आधी बातमी पोचली होती. कंपनीच्या माणसानं बायकोला फोनवर सांगितलं होतं, "तुमच्या मिस्टरांना चाच्यांनी पकडलंय." आमच्या भागात चाचा म्हणजे एकच: मेहकरच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे चाचा. आजूबाजूच्या चार बायकांनी बायकोला विचारलं, "काऊन पकडलं वं चाचानं? घड्याळाचे पैसे राह्यले होते का?" आमचा एक नातेवाईक तर मोटरसायकल काढून थेट त्यांच्या दुकानात गेला. चाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि म्हणाले, "बेटा, मैं तो सुबह से यहीं बैठा हूँ." मग त्यांनीच त्याला समुद्रातले चाचे म्हणजे काय ते समजावून सांगितलं, चहा पाजला आणि मी सुखरूप यावा म्हणून दुआ मागितली. मी परतल्यावर त्यांना भेटायला जायला हवं होतं. सत्कारांच्या गर्दीत राहून गेलं.

सत्कार सुरू केले आमच्या गुरुजींनी. हे माझे सातवीचे गुरुजी, आता निवृत्त, पण गावातला कुठलाही कार्यक्रम त्यांच्याशिवाय होत नाही. त्यांनी फ्लेक्स छापून घेतला. त्यावर मी, मागे उसळता समुद्र, आणि वर 'समुद्रवीर'. फ्लेक्सवाल्यानं माझ्या फोटोला कप्तानाची टोपी चढवली होती. मी ती काढायला सांगितली नाही. साखरखेर्ड्याला पहिला सत्कार झाला, मग देऊळगाव राजाला एका शाळेत, मग आणखी कुठे कुठे. शाल आणि नारळ मिळायचा. घरात इतके नारळ झाले की बायको दर दोन दिवसांनी चटणी करायची.

माझं भाषण मात्र दर वेळी वाढत गेलं. साखरखेर्ड्याला चाचा माझ्याएवढा होता. देऊळगाव राजाला तो सहा फूट झाला. त्याची मिशी पहिल्यांदा साधी होती, नंतर पिळदार झाली, आणि एका भाषणात तर तिची टोकं कानापर्यंत गेली. मी त्याच्या डोळ्यात डोळे घालून उभा असायचो. "मार गोळी" असंही म्हणायचो. पोरं टाळ्या वाजवायची. सातवीतली एक मुलगी एकदा म्हणाली, "सर, तुम्ही मराठीत बोलले आणि त्याले कळलं कसं?" मी म्हणालो, "धैर्याची भाषा सगळ्यांले कळते बाळा." ते वाक्य मी लिहून ठेवलं आणि पुढे तीनदा वापरलं.

बायको सगळ्या कार्यक्रमांना यायची नाही. एकदा आली. घरी परतताना म्हणाली, "अवो, तुमच्या चाच्याची उंची दर खेपेले वाढून राह्यली. असंच चाललं तं पुढच्या साली जहाजात मावायचा नाही." मी रागावलो. मग पुढच्या वेळी मी त्याला सहा फुटांवरच ठेवलं.

जहाजावर मी परत गेलो नाही. कारण विचारणाऱ्याला "आता गावाची सेवा" असं सांगायचो. खरं कारण भीती होतं. मी साखरखेर्ड्याला छोटी मेस टाकली.

चार वर्षं अशी गेली. मग एक दिवस पोलीस समन्स घेऊन मेसमध्ये आला. जेवणारे सगळे उभे राहिले. मला वाटलं मला पदक मिळतंय.

समन्स मुंबईच्या कोर्टाचं होतं. बुलडाण्याच्या जिल्हा कोर्टात जाऊन व्हिडीओवरून साक्ष द्यायची होती. मग सरकारी वकिलांच्या ऑफिसातून फोन आला आणि प्रकरण समजलं. नऊही चाच्यांनी गुन्हा कबूल केला होता. फक्त शिक्षा ठरायची होती. आठ जणांना दहा-दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. नवव्याची अडली. चार वर्षांनी पहिल्यांदा त्याची भाषा नीट येणारा दुभाषी मिळाला होता आणि त्याच्यामार्फत तो म्हणाला होता की त्या वेळी माझं वय अठराच्या आत होतं. जन्माचा दाखला नव्हता, शाळा नव्हती. डॉक्टरांनी हाडं तपासून त्या दिवशीचं वय काढलं, ते निघालं सतरा ते एकोणीस. म्हणजे नेमकं उंबरठ्यावर. अठराच्या आत असेल तर तो गुन्हेगार नाही, बालक. त्याचा निकाल मुलांचं न्याय मंडळ करणार. अठराच्या वर असेल तर बाकीच्यांसारखीच दहा वर्षं. कदाचित जास्तच, कारण माणसावर बंदूक धरलेला तोच एक होता. आणि त्याच्या वयाबद्दल कागदावर एवढीच एक साक्ष होती: बाप्या, मिशीवाला, तिशीचा.

"जबाब नीट आठवून या," फोनवरचा माणूस म्हणाला.

मी बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे जवळजवळ सगळं. ती भांडी पुसत होती. तिनं एकच विचारलं, "मिशी होती का?"

मी म्हणालो, "आता चार वर्षं झाले, कोणाले आठवते."

"तुमाले तिचे टोक आठवतेत," ती म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली.

गुरुजींना समन्सची बातमी कळली तशी ते म्हणाले, "लेका, मी येतो. मुंबईचं कोर्ट तुह्यी साक्ष मागून राह्यलं, ही काई लहान गोष्ट आहे का?" मी नाही म्हणू शकलो नाही. सकाळच्या एसटीनं चिखलीमार्गे आम्ही बुलडाण्याला निघालो. गुरुजींनी इस्त्रीची टोपी घातली होती आणि शेजारच्या प्रत्येक प्रवाशाला ते सांगत होते. चिखलीपर्यंत अर्धी बस मला ओळखायला लागली. एका बाईनं मला खिडकीची जागा दिली. मी खिडकीशी बसून ठरवत होतो की खोटं न बोलता खरं कसं टाळावं.

आणि मला रस्ता सापडलाही. बाप्या. आमच्याकडे बाप्या म्हणजे मोठा माणूस, हे खरं. पण बाप्या म्हणजे नुसता पुरुष, बाई नव्हे, हेही खरं. लग्नात बाप्यांची पंगत बसते, तिच्यात पाच वर्षांचं पोरगंही बापाच्या मांडीशी बसतं. मी हेच सांगणार होतो. पोराचं भलं होईल, आणि माझी मिशीही शाबूत राहील. बुलडाण्याच्या स्टँडवर उतरताना मी खूष होतो.

कोर्टातली ती खोली लहान होती. एक मोठा पडदा, एक कॅमेरा, एक क्लार्क. गुरुजींना मागे बसू दिलं. पडद्यावर चार चौकोन होते. एकात न्यायाधीश, एकात सरकारी वकील, एकात आरोपीच्या वकीलबाई, आणि एकात तुरुंगाच्या खोलीत बसलेला तो आणि शेजारी दुभाषी.

मला शपथ दिली. न्यायाधीश म्हणाले, "पोलिसांपुढचा तुमचा जबाब शपथेवर नव्हता. आजची साक्ष शपथेवर आहे. फरक लक्षात ठेवा." मी मान हलवली. क्लार्क म्हणाला, तोंडानं बोला. मी म्हणालो, "हाव साहेब."

"जबाबात 'बाप्या' असा शब्द आहे," न्यायाधीश म्हणाले. "भाषांतरात त्याचा अर्थ प्रौढ पुरुष असा दिला आहे. तुमच्या भागात याचा अर्थ काय?"

मी पंगतीचं सांगितलं. पाच वर्षांच्या पोराचंही सांगितलं. न्यायाधीशांनी दोनदा विचारून खात्री केली आणि टिपून घेतलं. वकीलबाईंचा चेहरा उजळला. मागे गुरुजी पुटपुटले, "वा." मला वाटलं, सुटलो.

मग सरकारी वकील म्हणाले, "ठीक आहे. आणि मिशी? मिशीचा तुमच्याकडे दुसरा काही अर्थ होतो का?"

मी टेबलाकडे बघायला लागलो.

"समोर पडद्यावर बघा," ते म्हणाले. "हाच का तो?"

मी नीट पाहिलं. खांदे भरलेले, गाल रुंद झालेले, आणि ओठांवर मिशी. दाट, काळी, चांगली मिशी. मी भाषणांत लावली होती त्याहून थोडीच लहान. चार वर्षांत ती तुरुंगात उगवली होती. गुरुजी मागून हळूच म्हणाले, "आहे की लेका मिशी. सांग ना, होती म्हणून."

खरं सांगतो, माझ्या मनात आलं की सांगावं. मिशी समोर दिसत होती, जबाबात लिहिलेली होती, आणि कुणीही मला खोटारडा म्हणू शकणार नव्हतं. नुसतं "होती" म्हणायचं होतं.

तेवढ्यात पडद्यावर तो दुभाष्याकडे वळून काहीतरी बोलला. आवाज आता एकसारखा जाड होता. दुभाष्यानं विचारलं, "सांगू का?" न्यायाधीशांनी सांगा म्हटलं.

"तो म्हणतो, हे स्वयंपाकी आहेत. यांनी मला जेवायला घातलं. आणि माझी बंदूक राहिली होती तेव्हा हाक मारून परत दिली. नाहीतर मोठ्यांनी मला मारून टाकलं असतं."

खोलीत क्लार्कनं टाइप करणं थांबवून माझ्याकडे बघितलं. मागे गुरुजींची खुर्ची करकरली. मला फार लाज वाटली. बंदूक परत दिल्याची नाही. त्यानं माझ्याबद्दल कोर्टात चांगलं सांगितलं होतं, आणि सांगताना माझ्या पँटचा शब्द काढला नव्हता, याची.

"साहेब," मी म्हणालो, "मिशी नव्हती. लवबी नव्हती. आवाज फाटत होता. पोट्टं होतं ते. सोळा-सतराचं. मी खोटं बोललो."

सरकारी वकिलांनी विचारलं, "चार वर्षांपूर्वी मिशी होती म्हणालात, आज नव्हती म्हणता. कोणावर विश्वास ठेवायचा? खोटं बोलायचं कारण काय?"

मग मी सांगितलं. सगळ्या पडद्याला, क्लार्कला आणि गुरुजींना. "साहेब, त्याले पाहून माही पँट ओली झाली होती. माह्या मागं वीस जण बसले होते. एका पोट्ट्यानं मले मुतवलं, असं कसं सांगू? म्हणून मिशी लावली."

न्यायाधीश स्टेनोला सांगू लागले, "साक्षीदार त्या वेळी अत्यंत भयभीत होता..."

वकीलबाई उभ्या राहिल्या. "सर, माझी विनंती आहे, साक्षीदार म्हणाले तसंच लिहावं. भीती सगळ्यांना वाटते. खोटं बोलण्याचं कारण भीती नाही, ती पँट आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमची हरकत?"

"नाई साहेब. लिहा."

म्हणून आज मुंबईच्या एका कोर्टाच्या कागदपत्रात माझं धैर्य शपथेवर नोंदलेलं आहे. स्टेनोनं ते इंग्रजीत लिहिलं. मला पडद्यावर वाचून दाखवलं तेव्हा त्या इंग्रजीत ते इतकं सभ्य वाटलं की क्षणभर मला वाटलं हे दुसऱ्याच कुणाचं आहे. मी सही केली.

बाहेर आल्यावर आम्ही कोर्टासमोर चहा घेतला. चहा संपल्यावर गुरुजी म्हणाले, "अन् ते 'मार गोळी'?"

"ते देऊळगाव राजाले सुचलं होतं, गुरुजी."

"मले वाटलंच," ते म्हणाले. "तू सातवीतबी निबंध लांबवत होता." मग जरा थांबून म्हणाले, "पण आज आखूड लिहिला. चांगला लिहिला." परतीच्या एसटीत त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. मी मागच्या बाकावर बसलो, जिथं खड्डे जास्त लागतात.

त्यांनी सांगितलं नाही तरी गावाला कळलं. कसं कळतं हे मला आजवर समजलं नाही. दोन-तीन महिने मेसमध्ये पोरं मुद्दाम पाण्याचा तांब्या माझ्या पायाशी सांडायची आणि म्हणायची, "अरे, काका घाबरले." मी हसायचो. आतून राग यायचा, आणि राग आला की लक्षात यायचं की माझा हक्क नाही. फ्लेक्स गुरुजींनी स्वतः उतरवून दिला. बायकोनं तो अंगणात वाळवणाखाली अंथरला. त्यावर कुरड्या छान वाळतात.

मला मात्र एका गोष्टीचं बरं वाटत होतं, ते कबूल करतो. उशिरा का होईना, मी खरं बोललो होतो. त्या पोराचं आयुष्य माझ्यामुळे वाचणार होतं. मेसमध्ये कुणी चिडवलं की मी मनात म्हणायचो, हसा लेकहो, तुम्हाला काय ठाऊक. म्हणजे एक सत्कार संपला आणि दुसरा मी मनातल्या मनात सुरू केला. त्यात शालही मीच देत होतो आणि घेतही मीच होतो.

मग एका दुपारी त्या वकीलबाईंचा फोन आला. कोर्टानं तो त्या दिवशी बालक होता असं मानलं. प्रकरण मुलांच्या न्याय मंडळाकडे गेलं आणि मंडळानं त्याला सोडलं. त्याच्या देशात परत पाठवलं सुद्धा, मागच्याच आठवड्यात. "तुमच्या साक्षीमुळे झालं," बाई म्हणाल्या. "मुद्दाम आभार मानायला फोन केला."

मी म्हणालो, त्यात काय मोठं. मोठं आहे असं त्यांनी पुन्हा म्हणावं म्हणून जरा थांबलो. त्या म्हणाल्या नाहीत. म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मंडळानं शिक्षा काहीच नाही केली का बाई?"

"करायला उरलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "बालकाला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येतं. हा साडेचार वर्षं मोठ्यांच्या तुरुंगात होता. जबाबात तिशीचा लिहिलं होतं ना, त्यामुळे वयाचा प्रश्न सुरुवातीला कुणी काढलाच नाही."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

बायको समोर डाळ निवडत होती. म्हणाली, "काय म्हने? सुटला का?"

"हाव. सुटला."

"मंग तोंड काऊन पाडून बसले?"

मी तिला सांगितलं. कायद्यात तीन वर्षं होती. तीही सुधारगृहाची, पोरांमध्ये. वरचं दीड वर्ष कायद्यानं दिलं नाही, कोण्या न्यायाधीशानंही दिलं नाही. ते मी दिलं. आणि आधीची तीन त्यानं ज्या तुरुंगात काढली, तो तुरुंगही मीच निवडून दिला. मी शाली घेत हिंडत होतो तेव्हा.

ती डाळ निवडायची थांबली. मग म्हणाली, "हे त्याले ठाऊक आहे का?"

मी म्हणालो, "त्याले वाटते मी त्याले वाचवलं. बाईनं तसंच सांगितलं असन."

"मंग त्याले कोण सांगन?"

त्याचा पत्ता मला माहीत नाही. वकीलबाईंना विचारला असता तर मिळाला असता. त्यांचा नंबर फोनमध्ये आहे. तो लावायचा म्हणून मी अनेकदा काढला आणि पाहून ठेवून दिला. शेवटी म्हटलं, निदान लिहून तरी काढावं, काही न लपवता. म्हणून हे लिहिलं, आणि मराठीत लिहिलं. म्हणजे जगात ज्या एका माणसानं हे वाचायला पाहिजे, त्याला सोडून बाकी सगळ्यांना वाचता येईल.